हक्कांची उन्हाळी शाळा

आमच्या वेळी उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे मामाचे गाव, पन्ह्याचे तांबे आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांची राखण, एवढाच कार्यक्रम असे. कॉलेजात गेल्यावर त्यात फार तर टायपिंगचा क्लास वाढला. सुट्टीत पोराने काहीतरी शिकावे असे वडीलमंडळींना वाटे, पण ते शिकणे नाक्यापलीकडे जात नसे. हल्लीची मुले परीक्षा संपते न संपते तोच पाठीला पिशवी लावून देशाबाहेर पडतात. कुणी हेगला जातो, कुणी नैरोबीला, कुणी ढाक्याला. आणि 'कशासाठी रे बाबा?' असे विचारले तर उत्तर येते, 'मानवी हक्क आणि विकास.' सुट्टीच्या वर्गात शिवण, संवादिनी, फार झाले तर फ्रेंच शिकवतात अशी आमची समजूत. तिथे हक्कही शिकवतात आणि वर त्याची फी घेतात, हे ऐकून आमच्या मातोश्रींनी प्रथम कपाळाला हात लावला.

या शिक्षणाला जोडून जे काम करायचे असते त्याला हल्ली इंटर्नशिप म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी फार जुना नि चांगला शब्द आहे, उमेदवारी. शिंप्याच्या दुकानात काजे करीत बसलेला पोरगा उमेदवार, वकिलामागे कागदांचे बाड घेऊन धावणारा नवा पदवीधर उमेदवार. पुढे निवडणुका आल्या आणि त्या गरीब शब्दाला पळवून घेऊन गेल्या. ते असो.

आमची कन्या पुण्याला वसतिगृहात राहून कायदा शिकत होती. २०२३च्या फेब्रुवारीत ती शनिवारी डोंबिवलीला घरी आली ती हातात एक पत्र घेऊनच. जिनिव्हाला तीन आठवड्यांचा मानवी हक्कांचा उन्हाळी वर्ग, आणि तो संपला की तिथल्याच एका छोट्या संस्थेत सहा आठवडे उमेदवारी. पगार? शून्य. ट्रामचा पास आणि दुपारचे जेवण संस्थेकडून. बाकी सगळे आमच्याकडून.

मी चौतीस वर्षे बँकेत काढली. माणसाने आनंदाची बातमी सांगितली तरी माझा हात आधी पेन्सिलीकडे जातो. वर्गाची फी, विमान, विमा, आणि एका खोलीचे महिन्याला ८५० फ्रँक. एका फ्रँकचे तेव्हा सुमारे ९२ रुपये पडत. म्हणजे एका खोलीला, जिच्यात पलंग उघडला की दार उघडत नाही, महिन्याला ७८ हजार! सगळे मिळून आकडा साडेचार लाखांच्या घरात गेला. मी तो कागद उलटा करून ठेवला.

घरात एकच मुदत ठेव मोडण्याजोगी होती, आणि ती कशासाठी ठेवली होती हे वाचकांना सांगायला नको. मुलीचे आईबाप अशी ठेव कशासाठी ठेवतात ते सर्वश्रुत आहे. मी गप्प बसलो होतो. सौभाग्यवतींनी तो कागद सुलटा केला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, "नोंदणी कचेरीत लग्न केलं तर हार-पेढ्यांत भागतं. हे मात्र पुढच्या वर्षी भागायचं नाही." विषय संपला.

मातोश्रींचा प्रश्न मात्र संपला नाही. वय ८४, पण प्रश्न नेमका. "हक्क शिकायला एवढ्या लांब कशाला गं? इथे काय कमी अन्याय आहे?"

त्यावर कन्येने जे सांगितले ते आम्हाला तोपर्यंत ठाऊक नव्हते. आधीच्या हिवाळ्यात तिच्या महाविद्यालयातली मुले सांगलीकडे उसाच्या फडात चार दिवस राहून आली होती. बीडकडची माणसे दसरा-दिवाळीच्या सुमाराला तिकडे येतात, पाचटाच्या कोपीत संसार मांडतात आणि चैत्राच्या आसपास परततात. मुकादम त्यांना आधी पैसे देतो, ती 'उचल'. मग ऊस तोडून, मोळ्या बांधून, वाहून ती फेडायची. एक दिवस कामावर गेले नाही तर 'खाडा', त्याचा दंड. आणि हे काम माणसांवर मोजत नाहीत, कोयत्यावर मोजतात. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचे, पैसेही त्याच्याच हातात. कन्येने तिथल्या एका बाईंना विचारले, "मावशी, तुमचं नाव कुठे लिहिलंय?" त्या मोळी बांधता बांधता म्हणाल्या, "कोयत्याला नाव मालकाचं असतंय. माझं कशाला लागतंय?" मग थोड्या वेळाने आपण होऊन म्हणाल्या, "माझी पोरगी बी तुमच्यावाणी वकिलीचंच शिकतीय."

"हे कुणाकडे मांडायचं, कसं मांडायचं, तेच शिकायला जातेय आजी," कन्या म्हणाली. मातोश्री गप्प झाल्या. पटले म्हणून नव्हे, 'बघू' म्हणून.

मग आले व्हिसाचे कागद. त्यात बापाच्या खात्याचा गेल्या काही महिन्यांचा उतारा मागितला होता. जन्मभर लोकांना उतारे दिले, पण आपल्या खात्याच्या उताऱ्यावर पोरीचे हक्कांचे शिक्षण अडलेले असेल असे कधी मनात आले नव्हते. शिक्का मारून घेतला तेव्हा खिडकीतला मुलगा म्हणाला, "काका, मुलगी फिरायला जातेय का?" मी म्हणालो, "हो, माणसांची मोजदाद शिकायला." त्याला काही कळले नाही. मलाही तेव्हा पुरते कळले नव्हते.

पूर्वी परदेशातून निळ्या आंतर्देशीय कागदासारखी पातळ पत्रे येत. आता रविवारी सकाळी मुलगी फोनच्या काचेत हजर होते. पहिल्या रविवारी मातोश्रींना मोर दिसले. संयुक्त राष्ट्रांची जी तिथली मोठी वास्तू आहे, पॅले दे नासिआँ, ती ज्या बागेत उभी आहे ती एका गृहस्थाने शहराला देताना, इथे मोर मोकळे फिरले पाहिजेत, अशी अट घातली होती म्हणे. मोर अजून फिरतात. मातोश्रींचे निम्मे मत तिथेच बदलले. वास्तूच्या समोरच्या चौकात बारा मीटर उंचीची एक लाकडी खुर्ची आहे. तिचे तीन पाय धड आणि चौथा मध्येच तुटलेला. भूसुरुंगांनी ज्यांचे पाय गेले त्यांची आठवण राहावी म्हणून ती १९९७ साली उभारली. मानवी हक्क परिषद जिथे भरते त्या दालनाचे छत मिकेल बार्सेलो या स्पॅनिश चित्रकाराने २००८ साली रंगवले. गुहेत लोंबावेत तसे रंगीत झुंबके वरून लोंबतात. त्याला दोन कोटी युरोंच्या आसपास खर्च आला आणि त्यातले काही पैसे स्पेनने गरीब देशांच्या मदतनिधीतून दिले, यावर तेव्हा त्या देशात बराच गदारोळ झाला होता. सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखंच की!" तेवढीच त्या थोर ठिकाणाविषयी आम्हाला आपुलकी वाटली.

वर्गात काय शिकवतात? परिषदेवर ४७ देश निवडून येतात. पण तपासणी मात्र सर्वांची, १९३ देशांची, दर साडेचार वर्षांच्या सुमाराला. देशाने आपला अहवाल द्यायचा, इतर देशांनी सूचना करायच्या, आणि कुठल्या सूचना मान्य नि कुठल्या नाहीत हे त्या देशाने लेखी सांगायचे. भारताची चौथी पाळी नोव्हेंबर २०२२मध्ये झाली होती. हे सारे मी बँकेतल्या तपासणीच्या हिशेबाने समजून घेतले. तपासनीस काही कुणाला तुरुंगात घालीत नाही. पण शेरा मारून जातो, आणि पुढल्या खेपेला पहिला प्रश्न त्या शेऱ्याचाच असतो.

वर्गातली एक गोष्ट मला विशेष आवडली. मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ला पॅरिसमध्ये मंजूर झाला हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच्या पहिल्याच कलमाच्या मसुद्यात 'सर्व मेन' जन्मतः स्वतंत्र आहेत असे इंग्रजी शब्द होते. समितीच्या अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते. 'मेन' म्हटले की बायका आल्याच, असा तिकडचा रिवाज. हंसाबाई मेहतांना ते मान्य नव्हते. आपल्या मुंबईच्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरूपदावर राहिलेल्या या बाई भारताच्या वतीने त्या समितीवर होत्या. डिसेंबर १९४७मध्ये समिती जिनिव्हाला भरली तेव्हा त्याही तिथे होत्या. अशा शब्दाचा आधार घेऊन काही देश बायकांना वगळतील, असे त्यांनी बजावले. शेवटी 'मेन' गेले आणि 'ह्यूमन बीइंग्ज' आले. एका शब्दाची दुरुस्ती. पण ती झाली म्हणून अर्धी माणसे कायद्याच्या भाषेत आली.

पुढे कन्येची उमेदवारी सुरू झाली आणि तिच्यासमोरही एक शब्दच येऊन बसला. संस्था हंगामी मजुरांवर निवेदन तयार करीत होती. निरनिराळ्या देशांची माहिती गोळा झालेली, भारताची बाजू हिच्याकडे. हिने फडातल्या टिपणांवरून तीन पाने लिहिली. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली, हेही त्यात होते. खाडा पडू नये, उचल फिटावी, यासाठी किती जणींनी शरीराची ही किंमत मोजली असेल! पाने वाचून तिथल्या वयस्क फ्रेंच बाई 'कोयता' या शब्दापाशी थांबल्या.

"कोयता म्हणजे?"

"ऊस तोडण्याचं हत्यार."

"मग 'एका कोयत्याला इतकी उचल' म्हणजे काय? कोयता म्हणजे किती माणसं?"

"दोन."

"आणि वहीत नावं किती?"

"एक."

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. इंग्रजी प्रतिशब्द शोधू नकोस, म्हणाल्या, हाच ठेव आणि पुढे त्याचा अर्थ सांग.

परिषदेत स्वयंसेवी संस्थांना बोलायला मिळते ते दीड मिनिट. तेवढ्यात तीन पाने कशी बसणार? घड्याळ लावून वाचायचे, कापायचे, पुन्हा वाचायचे. तीन पानांचे एक पान झाले, पानाचा परिच्छेद झाला, आणि जुलैमध्ये स्त्रियांच्या हक्कांवरच्या चर्चेत निवेदन वाचले गेले तेव्हा आमच्या महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले एक वाक्य आले. साडेचार लाखांचे एक वाक्य! त्या रविवारी कन्या फोनवर ते वाक्य म्हणाली. माझ्या मराठीत ते असे: जिथे दोन माणसांच्या श्रमाला एका हत्याराचे नाव देतात, तिथे त्यांतल्या बाईची ना मजुरी लिहिली जाते, ना आजार, ना मरण.

मातोश्रींनी ते ऐकून घेतले. "छान आहे. पण याने फडात काय पडेल?"

"लगेच काही नाही, आजी."

हे प्रामाणिक उत्तर मला आवडले. चौतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो. पैसे खरोखर भरले असतील, माणूस शपथ घेऊन सांगत असेल, खिडकीतल्या कारकुनाला तोंडओळखही असेल. पण नोंद नसेल तर रक्कम नाही. त्यावर व्याज नाही, तक्रार नाही, वारसाला दावा नाही. त्या मावशींचे वहीत नाव नाही म्हणजे काय, हे मला कायद्याच्या पुस्तकाने कळले नसते. पासबुकाच्या भाषेत मात्र लख्ख कळले.

पण पासबुकामुळेच दुसरीही एक गोष्ट खुपू लागली. २०१५ साली न्यूझीलंडचा एक बावीस वर्षांचा उमेदवार, डेव्हिड हाइड, जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांकडे बिनपगारी काम करताना तळ्याकाठी निळ्या तंबूत राहत होता. जगभर बोभाटा झाला. बिनपगारी उमेदवारीकडे लक्ष वेधावे म्हणून आपण मुद्दाम तसे राहिलो, असे पुढे त्यानेच सांगितले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना उमेदवारांना विद्यावेतन देते, जागतिक आरोग्य संघटनेने २०२०पासून द्यायला सुरुवात केली. सचिवालयातली उमेदवारी मात्र बिनपगारीच राहिली. म्हणजे हक्क सर्वांचे, पण ते शिकायला जायचे तर बापाच्या खात्यात शिल्लक हवी. फडातल्या मावशींची मुलगीही वकिलीच शिकत होती. तिच्या बापाचे पासबुक कुठल्या खिडकीत चालणार?

आपल्याकडे याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी एकाने देऊन ठेवले आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली म्हणून भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी न्यूयॉर्कला पोचला. १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले, तेही शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून. १९२०मध्ये ते पुन्हा गेले, तेव्हा जवळ प्राध्यापकीतून साठवलेले पैसे होते, शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज होते. बुद्धी त्यांची, पण तिकिटाला कुणाचा तरी हात लागलाच. आज पदवीच्या शिक्षणासाठी सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत. आठ-नऊ आठवड्यांच्या उमेदवारीला कोण विचारतो?

आम्ही सहा निवृत्त बँकवाल्यांची एक भिशी होती. तिच्यातून दरवर्षी एक सहल निघे आणि सहलीत गुडघ्यांविषयी चर्चा होई. २०२३च्या दिवाळीत मी विषय काढला. तिघे लगेच तयार झाले, एकाने बायकोला विचारून सांगतो म्हटले, एकाने 'परतफेडीची हमी काय?' असे विचारले. सवय! पण अखेर सहाही जण आले आणि सहल बंद झाली.

पहिली विद्यार्थिनी ठरली ती त्या मावशींचीच मुलगी. कन्येने तिचा पत्ता काढला होता. मी तिला म्हटले, "बेटा, जिनिव्हाचा अर्ज कर. उताऱ्याचं आम्ही बघू." ती शांतपणे म्हणाली, "काका, तेवढ्या पैशात आमच्याकडच्या चौघी नेपाळला जाऊन येतील. मला कमैयांचं बघायचंय."

मला शब्दच नवा होता. तिने समजावून दिले. नेपाळच्या पश्चिम तराईत, दांग, बर्दिया, कैलालीकडे, थारू समाजातली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराकडे वेठीने राबत. त्यांना कमैया म्हणत, आणि त्यांच्यावरच्या कर्जाला सौंकी. १७ जुलै २०००ला सरकारने ही पद्धत बंद झाल्याचे जाहीर केले, २००२ साली कायदाही झाला. "सौंकी म्हणजे आमची उचलच की," ती म्हणाली. "त्यांची सुटली कशी आणि सुटल्यावर काय झालं, ते बघून येते."

२०२५च्या उन्हाळ्यात ती गेली. व्हिसा नाही, विमान नाही. लखनौपर्यंत आगगाडी, मग रूपईडीहाची सरहद्द आणि पलीकडे नेपाळगंज. तिथल्या एका संस्थेत सहा आठवडे काम. सगळा खर्च चाळीस हजारांच्या आत. परत आल्यावर ती आम्हा सहा म्हाताऱ्यांपुढे बसून बोलली, तेव्हा चहा गार झाला. मुक्ती जाहीर झाली आणि पुष्कळ जमीनदारांनी कुटुंबांना घरातून हुसकून दिले. माणसे प्लॅस्टिकच्या पालांखाली आली. मग सरकारने ओळखपत्रे दिली, लाल, निळी, पिवळी, पांढरी. घर नाही नि जमीनही नाही त्याला लाल. त्या पत्रावर जमीन मिळायची. पण यादी झाली तेव्हा ज्यांचे नाव लिहिले गेले नाही, त्यांना पुढे वर्षानुवर्षे आपण कमैया होतो हेच सिद्ध करीत हिंडावे लागले. "राबत होते सगळे," ती म्हणाली, "पण यादीत नव्हते ते सुटूनही राहून गेले."

सप्टेंबरमध्ये तिच्या गावी पुढच्या हंगामाच्या उचलीची बोलणी झाली. ती वसतिगृहातून मुद्दाम गावी गेली आणि मुकादम वही उघडून बसला तेव्हा बापाशेजारी जाऊन बसली. बापाचे नाव लिहून झाल्यावर म्हणाली, "आता आईचं लिहा." मुकादम हसला. "कोयता एकच हाय की." "कोयता एक आहे, माणसं दोन आहेत." बाप खाली बघत होता. आई दारात उभी होती, ती म्हणाली, "जाऊ दे गं." ही जागची हलली नाही. शेवटी मुकादमाने बापाच्या नावाखाली लिहिले, पेन्सिलीने आणि बारीक अक्षरात. पैसे मात्र पूर्वीसारखे बापाच्याच हातात दिले.

हे तिने फोनवर सांगितले तेव्हा मी विचारले, "पेनाने का नाही?" बँकेत पेन्सिलीची नोंद मी आयुष्यात चालू दिली नव्हती. ती म्हणाली, "काका, त्या वहीचा मी फोटो काढून ठेवलाय, तारखेसकट."

आमच्या भिशीत २०२६ सालासाठी तीन अर्ज आले आहेत. पैसे दोघींपुरते आहेत.